थोमा, गोंदोफर्नेस आणि ब्रह्मपुरीचा पोसायडन

गळीत हंगामात बिद्रीच्या रस्त्याने जाताना हवेतच गोडी जाणवते. उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मधूनच एखादी बैलगाडी, आणि सगळ्यावर पसरलेला मळीचा उग्र वास. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे कागल तालुक्यातले हे गाव साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आद्य ख्रिस्ती मंडळीच्या काळाविषयी आणि त्या काळावर रचलेल्या कथांविषयी लिहायला मी बसलो, तेव्हा पहिला धागा हाती लागला तो या साखरेचाच.

येशूचे काही शिष्य अजून हयात असतील अशा काळात, इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास, ग्रीक भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली गेली. 'पेरिप्लस' या नावाने ती आज ओळखली जाते. तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या जहाजांनी कुठल्या बंदरात काय विकावे आणि काय विकत घ्यावे, याची ती वही आहे. भडोच आणि 'अरिअके' म्हणजे पश्चिम भारताचा किनारा, इथून आफ्रिकेच्या बंदरांना जाणाऱ्या मालाची यादी तिच्यात येते: गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड, आणि 'साखरी' नावाचा बोरूतला मध. बोरूतला मध म्हणजे आपली साखर. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी साखरेची नोंद करतो, पण ती औषधापुरतीच वापरतात असे सांगतो. प्रेषित पौल रोमला नेला जात होता, सम्राट नीरोच्या रोममध्ये ख्रिस्ती माणसे मारली जात होती, त्याच दशकांत आपल्या बाजूची साखर जहाजात चढत होती. हे दोन काळ आपण शाळेत दोन वेगळ्या पुस्तकांत शिकतो आणि त्यांच्यामध्ये भिंत घालून टाकतो. ती भिंत मुळात नव्हतीच.

आद्य मंडळीवरच्या कादंबऱ्यांची परंपरा युरोपात आणि अमेरिकेत मोठी आहे. बुल्वर-लिटनची पॉम्पेईवरची कादंबरी 1834 ची. कार्डिनल वाइजमन यांची 'फॅबिओला' 1854 ची, तर लू वॉलेसची 'बेन-हर' 1880 ची. पोलिश लेखक हेन्रिक शेंकिएविच यांची 'क्वो वादिस' 1896 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि 1905 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. लॉइड डग्लसची 'द रोब' 1942 ची. या सगळ्यांत रोमन सैनिक, गुलाम, आखाड्यातले सिंह आणि लपून केलेली प्रार्थना असते. भारत कुठे असलाच तर चुटपुटता. 'बेन-हर'मध्ये तारा पाहून निघालेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी मेल्कियर हा हिंदू दाखवला आहे, हा त्यातला ठळक अपवाद.

पण या साऱ्या कादंबऱ्यांची पणजी शोभेल अशी एक कथा आहे, आणि ती भारतात घडते. तिचे नाव 'थोमाची कृत्ये'.

नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक आहे. त्याच्या नमुन्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकात आणखी पाच कृत्ये लिहिली गेली: अंद्रिया, योहान, पौल, पेत्र आणि थोमा यांची. मंडळीने ती पवित्र शास्त्रात घेतली नाहीत, तरी लोकांनी ती आवडीने वाचली. प्रवास, वादळे, राजदरबार, तुरुंग, चमत्कार, दुरावलेली नवरा-बायको असा सगळा मसाला त्यांच्यात आहे. तर्तुल्लियन नावाचा कार्थेजचा धर्मलेखक पौल आणि त्याची शिष्या थेक्ला यांच्या कथेविषयी एक मोलाची गोष्ट नोंदवून गेला आहे. ती कथा रचणारा आशिया प्रांतातला एक वडील होता. पकडला गेल्यावर त्याने सांगितले की पौलावरच्या प्रेमापोटी मी हे केले. आणि त्याला आपले पद सोडावे लागले. ऐतिहासिक कादंबरीकाराची इतकी जुनी आणि इतकी माणूसपणाची कबुली मला दुसरीकडे सापडलेली नाही. 'क्वो वादिस'मधला प्रसिद्ध प्रसंग, रोम सोडून निघालेल्या पेत्राला वाटेत येशू भेटतो तो, याच कुळातल्या 'पेत्राची कृत्ये' या पुस्तकातून आलेला आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली कादंबरी दुसऱ्या शतकातल्या कादंबरीवर उभी आहे.

पाचांपैकी 'थोमाची कृत्ये' हेच एक पूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत पोचले. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा एदेसा या शहरात (आज तुर्कस्तानातले उर्फा), सीरियाक भाषेत ते लिहिले गेले. ग्रीक रूपही टिकून आहे. कथा अशी.

यरुशलेमात शिष्य चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतात. थोमाच्या वाट्याला भारत येतो. तो सरळ नकार देतो. मी इब्री माणूस, हिंदी लोकांना काय शिकवणार, असे त्याचे म्हणणे. त्याच वेळी हब्बान नावाचा व्यापारी बाजारात आलेला असतो. त्याच्या राजाला, गोंदोफर्नेसला, एक कुशल सुतार हवा आहे. येशू स्वतः प्रकट होऊन थोमाला गुलाम म्हणून विकतो आणि रीतसर खरेदीखत करून देतो. हब्बान थोमाला विचारतो, हा तुझा धनी काय? थोमा 'होय' म्हणतो. या एका शब्दात व्यवहारही आहे आणि श्रद्धाही, आणि लेखकाने ते दोन्ही अर्थ जाणून वापरले आहेत. तुला काय करता येते, असे विचारल्यावर थोमा सांगतो: लाकडात नांगर, जू, होड्या, वल्ही, डोलकाठ्या, दगडात खांब, देवळे, राजवाडे.

राजा त्याला जागा दाखवतो, पैसा देतो आणि राजवाडा बांधायला सांगून निघून जातो. थोमा हिवाळ्यात काम काढीन म्हणतो तेव्हा राजाला नवल वाटते, कारण सगळे लोक उन्हाळ्यात बांधकाम करतात. हे वाचताना मी थबकलो. आपल्याकडे पाऊस सरून दिवाळी झाली की बांधकामाला हात घालायचा, हे गवंडी सोडाच, घरातली म्हातारी माणसेही सांगतील. इथल्या राजाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटते ते हिवाळ्यात गारठणाऱ्या एदेसातल्या लेखकाला. त्याने भारत पाहिला नव्हता, याचा असा बारीक पुरावा त्याच्या हातून राहून गेला आहे.

थोमा सगळा पैसा गोरगरिबांत वाटून टाकतो. राजा निरोप पाठवतो, वाडा कुठवर आला? उत्तर जाते: वाडा झाला, छप्पर तेवढे राहिले. राजा आणखी पैसा पाठवतो. अखेर बिंग फुटते, थोमा तुरुंगात पडतो. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मरतो. देवदूत त्याला स्वर्गातले वाडे दाखवतात. एक वाडा त्याला इतका आवडतो की याच्या खालच्या मजल्यावरची एखादी खोली तरी मला द्या, असे तो विनवतो. तो वाडा त्याच्या भावाचा असतो, थोमाने बांधलेला. गाद पुन्हा जिवंत होऊन भावाकडे येतो आणि तो वाडा मला विकत दे म्हणतो. राजाला तेव्हा कळते की आपला पैसा कुठे गेला.

पुढे कथा दुसऱ्या राजाच्या राज्यात जाते. थोमाच्या शिकवणीने मोठ्या घरातल्या बायका संसार सोडतात, नवरे चिडतात, आणि शेवटी चार सैनिकांच्या भाल्यांनी थोमाचा अंत होतो. संसार सोडण्यावरचा तो टोकाचा भर मंडळीच्या पुढाऱ्यांना पटला नाही. मलाही तो भाग जड जातो. पण वाड्याची गोष्ट अस्सल आहे. ती कीर्तनात उत्तररंगाला उभी राहील.

आता नवलाचा गाभा. शेकडो वर्षे युरोपातले विद्वान ही सारी कथा कल्पित मानत होते, आणि तिच्यातला गोंदोफर्नेस राजाही. कुठल्याही ग्रीक वा रोमन इतिहासात त्या नावाचा राजा नव्हता. मग 1830 च्या दशकात चार्ल्स मॅसन याने अफगाणिस्तानात काबूलजवळच्या बेग्रामला हजारो जुनी नाणी गोळा केली, आणि त्यांच्यावर गोंदोफर्नेसचे नाव निघाले. त्यानंतर पेशावरजवळच्या तख्त-ए-बाही इथला शिलालेख सापडला. त्यात राजाच्या कारकिर्दीचे 26 वे वर्ष आणि एका संवताचे 103 वे वर्ष दिले आहे. तो विक्रम संवत धरला तर साल येते इ. स. 46. म्हणजे थोमा भारताकडे निघाला असेल तर ज्या काळात निघाला असेल, नेमका तोच काळ. कादंबरीतल्या राजाला मातीतल्या नाण्याने साक्ष दिली. थोमा खरोखर त्याच्या दरबारी गेला हे याने सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की कथाकाराने दीडशे वर्षांपूर्वीच्या दूरच्या राजाचे नाव अचूक जपले होते. तीन ज्ञानी पुरुषांपैकी 'गास्पर' हे नावही याच राजाच्या नावावरून घडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

एदेसात ही माहिती कशी पोचली? त्याच शहरात त्या सुमारास बार्दैसान (इ. स. 154 ते 222) नावाचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ राहत होता. रोमन सम्राटाकडे निघालेल्या भारतीय वकिलांशी तो बोलला. ब्राह्मण आणि श्रमण यांच्याविषयी त्याने त्यांच्याकडून टिपून घेतले, आणि डोंगरातल्या एका गुहेतल्या उंच मूर्तीविषयीही: उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची. हे वाचून आपल्याला अर्धनारीश्वर ओळखू येतोच. ग्रीक तत्त्वज्ञ पोर्फिरीच्या लेखनातून हा उतारा टिकला. एदेसाच्या कथाकाराच्या कानावर भारत असा आला होता, वाटसरूंच्या तोंडून.

इथे मी कोल्हापूरकडे वळतो, कारण गोंदोफर्नेसला जे झाले तेच आपल्या पंचगंगेकाठच्या एका राजालाही झाले.

इ. स. 150 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपला भूगोल लिहिला. त्यात पैठणला राज्य करणारा 'सिरोपोलेमायोस' येतो, म्हणजे सातवाहन राजा पुळुमावी. आणि 'हिप्पोकुरा' नगरात राज्य करणारा 'बालेओकुरोस' येतो. हा कोण? कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर शिशाची नाणी मिळाली, त्यांच्यावर धनुष्यबाणाचे चिन्ह आणि ब्राह्मी अक्षरांत राजांची नावे होती: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. विळिवायकुर म्हणजेच बालेओकुरोस, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिले. हिप्पोकुरा म्हणजे नेमके कोणते गाव, याबद्दल विद्वानांत अजून मतभेद आहेत. पण अलेक्झांड्रियाच्या ज्या पिढीत ख्रिस्ती विद्यापीठ आकार घेत होते, त्या पिढीच्या कानावर कोल्हापूरच्या राजाचे नाव होते.

आणि मग पोसायडन. 1944-45 साली राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी ब्रह्मपुरीवर खणायला सुरुवात केली. शंभराच्या आसपास कांस्य वस्तूंचा एक साठा हाती आला. बहुतेक वस्तू इथल्याच घडणीच्या, पण काही थेट रोमन जगातल्या: सुरईसारखे भांडे, आरसा, पर्सियस आणि अँड्रोमेडा यांच्या कथेचे उठावाचे पदक, आणि ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी मूर्ती. पुढच्या वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. त्याचा अहवाल 1952 मध्ये निघाला. विटांच्या घरांची सातवाहनकालीन वस्ती त्यातून समोर आली.

हा पोसायडन आज कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. बिद्रीहून एसटीने यायचे, भाऊसिंगजी रोडला उतरायचे, 1872 ते 1876 या काळात बांधलेल्या त्या टोकदार छपराच्या इमारतीत शिरायचे. मूर्ती वीतभरही नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा, त्रिशूळ धरल्यासारखा एक हात उंचावलेला. त्रिशूळ मात्र हरवला आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री चढून आलेला समुद्राचा देव. मी प्रत्येक वेळी त्याच्यासमोर वाजवीपेक्षा जास्त वेळ थांबतो. पौल ज्या गावांत गेला, त्यांतल्या करिंथ, अथेन्स यांसारख्या ठिकाणी याच देवाच्या मूर्ती होत्या. ज्या जगाशी आद्य मंडळीचा झगडा चालू होता, त्या जगाचा हा तुकडा आहे, आणि तो पंचगंगेच्या घाटाजवळ निघाला.

उलट दिशेनेही माल गेला आहे. 1938 साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ती गाडली गेली होती. तशाच घडणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. बुल्वर-लिटनने पॉम्पेईतल्या ख्रिस्ती माणसांची गोष्ट लिहिली तेव्हा ही मूर्ती अजून मातीखालीच होती. ती त्याला मिळाली असती तर त्याच्या पुस्तकात एखादे दख्खनी पात्र नक्की आले असते, असे मला वाटते.

माणसेही येत होती. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे खांब दान देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद हे यवन आहेत. नाशिकला धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला योनक म्हणवतो. यवन म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडचा माणूस. हे सगळे बौद्ध संघाला दान देणारे आहेत; ख्रिस्ती खूण त्यांच्यापैकी एकाच्याही लेखात नाही. ब्रह्मपुरीच्या साठ्यातही नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण श्रद्धेच्या ओघात पुरावा ताणला की दोघांचाही अपमान होतो.

ख्रिस्ती वावराच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी सापडतात. युसेबियस हा चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार सांगतो की अलेक्झांड्रियाचा शिक्षक पँटेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस भारतात गेला, आणि तिथे त्याला येशूचा शिष्य बर्थलमय याने ठेवलेले, इब्री अक्षरांतले मत्तयाचे शुभवर्तमान आढळले. कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचाच प्रवासी सहाव्या शतकाच्या मध्यास लिहितो की 'कल्लियाना'त इराणकडून नेमलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक धरतात. लोकलने रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? केरळात तर थोमा इ. स. 52 मध्ये उतरला ही परंपरा आजही जिवंत आहे.

कोल्हापुरात ख्रिस्ती मिशन आले ते फार पुढे, 1852 मध्ये, रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यासोबत. त्याच्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत छापून निघाले होते. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले, आणि मराठी कादंबरीचा आरंभ त्या पुस्तकापासून मोजतात. म्हणजे ख्रिस्ती कथन मराठीला परके नाही, आणि कादंबरी तर ख्रिस्ती मराठी माणसाच्या हातूनच सुरू झाली.

शिवाय हा जिल्हा कादंबरीचा आहे. 'ययाति'कार वि. स. खांडेकर कोल्हापूरचे, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, 'झोंबी'चे आनंद यादव आमच्या कागलचे. महाभारत आणि पेशवाई या लोकांनी घराघरांत पोचवली. विळिवायकुराच्या कोल्हापूरची कादंबरी मात्र अजून वाट पाहते आहे. नायक कोण असेल, हे मला केव्हाचे दिसते: अलेक्झांड्रियाच्या एखाद्या जहाजमालकाचा गुलाम, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, मालासोबत घाट चढून आलेला. त्याच्या गाठोड्यात धन्याचा पोसायडन आहे आणि त्याला तो देव हातात धरायचा नाही.

ती कादंबरी लिहिणाऱ्याला जपावे लागेल अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पात्रांनी महाराष्ट्री प्राकृत बोलायला हवे. सातवाहन राजा हालाच्या नावावरच्या गाथांमधून त्या भाषेचा कान घडवता येईल. जेवणात मिरी चालेल, मिरची नाही; ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, म्हणून तांबड्या रश्श्याचा रंग तिथे आणता येणार नाही. टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, मका, तंबाखू, काहीच नाही. निपाणीहून मुदाळ तिट्ट्यावरून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या आजच्या वाटेच्या दोन्ही अंगांनी जी पिके दिसतात, त्यांतली निम्मी पुसून टाकावी लागतील. ऊस राहील.

त्या गुलामाच्या गळ्यात क्रूस नको. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लोक क्रूस गळ्यात मिरवत नव्हते. मासा चालेल, जहाजाचा नांगर चालेल. त्याला चर्चची इमारत आठवणार नाही, कारण मंडळी घरांत जमायची. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात मिळाले आहे, भिंतींवरच्या चित्रांसकट. पंचवीस डिसेंबरचा सण त्याला ठाऊक नसेल. तो चौथ्या शतकात दिसू लागतो. त्याला आठवेल ते वेगळे. इ. स. 112 च्या सुमारास धाकट्या प्लिनीने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ते आले आहे: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. त्याच पत्रात प्लिनी हेही नोंदवतो की खरे काढून घेण्यासाठी त्याने मंडळीच्या दोन गुलाम सेविकांचा छळ केला. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत.

तसे गीत या गुलामाला पाठ असेल. पंचगंगेच्या काठी, अजून तांबडे फुटायचे असताना, तो ते एकट्यानेच म्हणेल. आळीपाळीने म्हणायचे गीत असल्यामुळे त्याला मध्ये मध्ये थांबावे लागेल.